अस्तोरचा बर्फ

सोमवार, १२ जानेवारी

सकाळी आखातातल्या हमरिया बंदरावरचं आमचं ऑफिस उघडलं तर फोनवर व्हॉइस नोट. बाईचा आवाज, मागे वारा. उर्दूत सांगत होती, तुमच्याकडून आलेलं बर्फ काढायचं मशीन सुरू होतं आणि थोड्या वेळात बंद पडतं. नाव मरियम. गाव गिलगिटकडे, अस्तोरच्या वर. मशीन तिच्या नवऱ्याने, मुश्ताकने नेलेलं. घाट बंद झाल्यामुळे तो खाली शहरात अडकलाय. घरी ती आणि म्हातारे सासरे. घरातल्या एका बाईचे दिवस भरलेत. गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत येते, पण तिथून घरापर्यंत कमरेएवढा बर्फ!

मी इथली बिलं आणि शिपिंगचे पेपर बघणारी. नाव मनाली, पण बर्फ पाहिलाय तो फ्रीजमधला. मेकॅनिक महादू फुजैराला जहाजावर कामाला गेलाय. मालकांना विचारलं. इद्रीसभाई म्हणाले, सेकंडहँड माल, वॉरंटी खलास. मग जरा वेळाने स्वतःच टेबलाशी आले — तसलंच एक मागे यार्डात उभं आहे, हवं तर बघ.

बघितलं. लाल, दांडगं. पुढच्या तोंडात स्क्रूसारखं पातं, वर बर्फ लांब फेकायला वाकडी नळी. तोंडात सगळी वाळू.

महादू फोनवर म्हणाला, कार्बोरेटर उघडून साफ करायला सांग. मी तसं कळवलं. मरियमचं उत्तर आलं: हातमोजे काढले की बोटं लोखंडाला चिकटतात, स्क्रू फिरत नाहीत.

घरी लेकीला सगळं सांगितलं. "बट मम्मा, इट मेल्ट्स, राइट?" वितळतो गं, पण एप्रिलमध्ये!

मंगळवार, १३ जानेवारी

राहवेना म्हणून मरियमला विचारलं, बर्फ पडतो तेव्हा आवाज कसा येतो? ती म्हणाली, पडताना काहीच येत नाही, उलट रोजचे आवाजही गप्प होतात. जुन्या बर्फावर पाय ठेवला की मात्र करकरतो. बोलताना मधेच थांबत होती. डोंगरातली बाई, तरी दम लागतो — थंडीने असेल.

दुपारी तिने व्हिडिओ पाठवला. मशीन बंद पडल्यावर पेट्रोल संपलं का बघायला टाकीचं झाकण उघडते. झाकण निघताना बारीकसा आवाज — सूं! मग सासरे दोरी ओढतात आणि मशीन लगेच सुरू. झाकण लावलं, थोड्या वेळाने पुन्हा बंद.

तो सूं मी परत परत ऐकला. आत हवा ओढली जात होती. म्हणजे एरवी जात नव्हती?

यार्डात जाऊन आमच्या मशीनचं झाकण काढलं. वर सुईच्या टोकाएवढं भोक! त्यावर पॅकिंगची टेप चिकटवली. इद्रीसभाई कुरकुरत आले, पण दोरी त्यांनीच ओढली. मशीन धडधडत राहिलं. इद्रीसभाई घड्याळ बघायला लागले. मशीन गुदमरलं, बंद पडलं. झाकण उघडलं — सूं!

टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. तिच्या झाकणाचं भोक बर्फाने बुजलंय! कार्बोरेटरचा काही संबंधच नाही. इतका आनंद मला पगारवाढ झाली तेव्हाही झाला नव्हता. तिला लगेच फोन लावून सांगितलं: झाकण गरम पाण्यात ठेव, नीट पुसून सुकव, भोकात सुई घाल. चुलीपासून लांब.

इद्रीसभाई एवढंच म्हणाले, "महादूला सांगू नकोस, जळेल."

बुधवार, १४ जानेवारी

काहीच नाही. मशीन चाललं का, असं सकाळी विचारलं त्या मेसेजवर एकच टिक.

गुरुवार, १५ जानेवारी

अजून एकच टिक. इद्रीसभाईंनी दोनदा विचारलं, काय झालं तिकडे? नेटवर अस्तोरचं हवामान बघितलं. बर्फ, पुढेही बर्फ. बिलात कस्टमरचं नाव दोनदा टाकलं.

शुक्रवार, १६ जानेवारी

मुश्ताकची व्हॉइस नोट. मुलगी झाली, दवाखान्यात, दोघी ठीक आहेत. मी मुबारक म्हटलं आणि विचारलं, कोणाला झाली? बहिणीला की वहिनीला?

"बहनजी, और किसको? मरियम को."

मोठ्या रस्त्यापर्यंत मशीन तीच ढकलत गेली म्हणाला. सासरे मागून पिशवी घेऊन.