पाणी त्याचे, शब्द माझे

आषाढ वद्य दशमी, गुरुवार
सकाळची संध्या आटोपत होतो, तोच मासेमार सोसायटीचे अध्यक्ष किसनभाऊ वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर. पक्षाचे लोकसभेत नऊ खासदार. त्यांतले पाच पलीकडे निघाले आहेत. पक्षांतरबंदीच्या कायद्यात सहा एकत्र गेले तरच खासदारकी शाबूत राहते. सहावा म्हणून आमच्या खासदाराचे, वसंताचे नाव छापले आहे. वसंता माझा विद्यार्थी. मागल्या निवडणुकीत तलावाकाठच्या महादेवापुढे मीच त्याच्याकडून संकल्प सोडवला होता : ज्या चिन्हावर निवडून येईन, तो पक्ष मुदत संपेतो सोडणार नाही.
किसनभाऊ बसले नाहीत. “गुरुजी, आमी वसंताले नाई ओळखत. तुमी म्हटलं म्हनून बटन दाबलं.” चहाही घेतला नाही.

आषाढ वद्य द्वादशी, शनिवार
दोन दिवस प्रयत्न केल्यावर व. फोनवर सापडला. आवाजात दिल्लीचे तूप. नेतृत्व कसे नालायक आहे, बैठकीत बोलू देत नाहीत, स्वतःच्या पुतण्याला गटनेता केले, हे सर्व ऐकवले. यांतले काही खरेही असेल. मी संकल्पाचे विचारले.
“गुरुजी, मले संस्कृत कुठी समजते? तुमी बोलले, मी पानी सोडलं. शब्द त तुमचे होते.”
हे हसत म्हणाला. मी फोन ठेवला. पुरोहित बोलतो ते यजमानाच्या वतीने, एवढे त्याला ठाऊक नाही असे नव्हे. मीच शिकवले आहे.

श्रावण शुद्ध प्रतिपदा, बुधवार
दरवर्षी श्रावणात सोसायटीच्या चावडीवर पोथी मी वाचतो. आज पहिला अध्याय. गेलो तर पाटावर मुलचेऱ्याकडचा कोणी कीर्तनकार. किसनभाऊ नम्रपणे म्हणाले, “यंदा आमाले समजन असं ऐकाचं हाय जी.”
परत आलो. सौ.ने पोथी हातातून घेऊन देवघरात ठेवली.
खरे लिहितो. त्या दिवशी देवळात दोनशे माणसे होती. संकल्प मराठीत सोडवता आला असता. त्याच्या तोंडून एकेक शब्द वदवता आला असता. पण देश-काल उच्चारून, स्वरात, गाभारा घुमवीत... माझाच आवाज मला गोड लागला. तो मान हलवीत राहिला. लोकांनी ऐकली ती माझी जीभ, त्याची नव्हे. वसंता लबाड आहे; त्याच्या लबाडीला दार मी ठेवले.

श्रावण शुद्ध तृतीया, शुक्रवार
व.चा माणूस आला. पांढरे बूट, उंबऱ्यावरही काढले नाहीत. सहा जणांच्या सह्यांचे पत्र मंगळवारी लोकसभाध्यक्षांकडे जायचे आहे. सोमवारी दिल्लीला निघण्याआधी साहेब महादेवाला अभिषेक करतील. संकल्पातून मोकळे होण्याचा काही विधी असेल तो गुरुजींनी करावा. “लोकायच्या मनात किंतु नको.”
सौ. आतून म्हणाली, “हाकलून द्या त्याले.”
मी येतो म्हणालो. नंतर स्वतः किसनभाऊंकडे गेलो. ते जाळे विणत होते, मान वर केली नाही. सोमवारी सर्वांना घेऊन या, एवढेच सांगितले.

श्रावण शुद्ध षष्ठी, सोमवार
धानाची रोवणी टाकून बायका आल्या, पाय चिखलाचे. व. साडेदहाला आला; गाडी तलावाच्या बांधावर, पाळीवर, चालूच ठेवली होती. नागपूरहून पाचचे विमान, रस्ता तीन तासांचा. अभिषेक आटोपून पाटावर बसला, सवयीने ओंजळ पुढे केली. आमच्या घरच्या तांब्यातून मी पाणी घातले आणि सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले की, याला मोकळे करण्याचा विधी माझ्यापाशी नाही. त्या दिवशी संस्कृतात काय बोललो ते मराठीत सांगितले. चूक माझी, हेही. मग त्याला म्हणालो, “पाळणार की मोडणार, ते आता तुझ्या तोंडाने बोल. मी गप्प बसतो.”
“गुरुजी, तुमी सुरू करा न. मी मागून म्हनतो.”
मी ओठ उघडले नाहीत. पाणी त्याच्या बोटांतून गळत होते. ओंजळ रिकामी झाली तेव्हा किसनभाऊ उठले, माझ्या हातून तांब्या घेतला, ओंजळ पुन्हा भरली. “बोला साहेब. पानी लय हाय तलावात.”
मागे एक म्हातारी हसली. व.चा फोन खिशात वाजत राहिला. दोन्ही हात गुंतलेले. तिसऱ्यांदा ओंजळ भरली तेव्हा माध्याह्न संध्येची वेळ झाली. मी उठून घरी आलो. मागे वळून पाहिले नाही.
जप आज नीट झाला नाही. सौ. दोनदा दारात जाऊन आली. दीड वाजून गेला आहे. पाळीवरची गाडी अजून घुरघुरते आहे, इथपर्यंत ऐकू येते. तांब्या परत आलेला नाही.