पहिली वाटी

आई,

या जानेवारीत मी चीनच्या दक्षिणेला जाऊन आले. इथे टेक्सासात, फ्रिस्कोत माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण तिकडची आहे. दर हिवाळ्यात ती माहेरी जाते आणि परतल्यावर महिनाभर तिथल्या जेवणाची वर्णनं ऐकवून मला हैराण करते. यंदा म्हणाली, तूच चल. मी लगेच रजा टाकली. खरं कारण सांगते. तिची आई ऐंशीची आहे, आणि लेक यायच्या आधी आठ दिवस काय काय शिजवणार त्याची यादी फोनवर वाचून दाखवते. संध्याकाळी ऑफिस सुटताना माझ्या शेजारी बसून ही बाई ते ऐकते, हसते, आणि माझ्या पोटात दुखतं. तू जाऊन सतरा वर्षं झाली, माझी लेक कॉलेजात आहे, तरी दुखतं.

तिथली थंडी फसवी आहे. टेक्सासमध्ये बाहेर कितीही गारठा असो, घरात हीटर असतो. तिथे घरात हीटर नाही, हवा ओलसर, आणि माणसं जेवायलासुद्धा जाड जॅकेट घालून बसतात. त्यामुळे ऊब काय ती पोटातून आणायची. सकाळी तांदळाची पातळ पेज, तिच्यात माशाचे काप आणि भरपूर आलं. दुपारी मातीच्या भांड्यात शिजलेला भात, त्यावर वाळवलेल्या मांसाचे तुकडे. संध्याकाळी आल्याच्या गोड पाण्यात सोडलेले तांदळाच्या पिठीचे गोळे, आत काळ्या तिळाचं सारण. तू असतीस तर दोन घास खाऊन तिखट मागितलं असतंस. मैत्रिणीची आई मला दर वेळी हाताने खुणावून विचारायची, वाढू का? लेकीला कधीच विचारत नव्हती. नुसती वाढत होती, आणि लेक कुरकुरत खात होती. मी दोघींकडे बघत गोळे गिळत होते.

मग त्यांच्या बाराव्या महिन्यातली अष्टमी आली. बुद्धांना त्या दिवशी बोधी मिळाली असं तिकडचे लोक मानतात, आणि विहारात धान्यं, शेंगदाणे, कमळाचं बी, खजुरासारखी लाल फळं घालून मोठाली पातेली भरून खीर शिजवतात. येईल त्याला वाटतात. का, म्हणून विचारलं, तर मैत्रीण म्हणाली, "बोधी मिळण्याआधी एका बाईनं त्यांना खीर दिली होती ना, म्हणून." ही गोष्ट ती मला सांगत होती. मला, नागपुरात तुझ्या पोटी जन्मलेल्या मुलीला.

मला आपला विहार आठवला. बुद्धपौर्णिमा, वैशाखातलं ते ऊन, विटांची चूल, तिच्यावर खिरीचं मोठं पातेलं, आपला गंज, आणि घामाने निथळणारी तू. वस्तीतले लोक डबे-वाट्या घेऊन ओळीत उभे. मी अकरा वर्षांची. मला वाटत होतं, या वर्षी वाढायचं ओगराळं माझ्या हातात येणार. तू ते आपल्या भिंतीपलीकडच्या घरातल्या मुलीच्या हातात दिलंस. तिची आई आदल्या वर्षी गेली होती. वर पहिली वाटी तू तिलाच भरून दिलीस, आणि मला ताटं विसळायला बसवलंस. मी रागाने उठले आणि गंजातून माझी वाटी भरून घेतली. तू सगळ्यांसमोर ती हातातून काढून परत गंजात ओतलीस. "घरच्यांनी शेवटी," एवढंच म्हणालीस आणि पुन्हा ढवळायला लागलीस. त्यानंतर दर वर्षी पहिली वाटी तिची. तुझ्या आजारपणात शेवटचं पाणीही तिनेच पाजलं. मी तेव्हा विमानात होते. हे मी तुला कधीच माफ केलेलं नाही, आणि तिलाही.

तर त्या विहारात मैत्रिणीची आई वाढायला उभी होती. ओळ पार रस्त्यापर्यंत गेलेली. तिने मला लांबूनच पाहिलं, हाताला धरून पुढे आणलं आणि पहिली वाटी माझ्या हातात ठेवली. लोक कौतुकाने हसत होते. इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं, आणि मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग मैत्रिणीकडे लक्ष गेलं. ती मागे बसून वाट्या पुसत होती. तिच्या आईने वर न बघताच तिला काहीतरी खडसावलं. मी विचारलं, काय म्हणाली? "म्हणते, नीट पूस. मला शेवटी मिळणार, तेही उरलं तर. तुझं बरंय," ती म्हणाली. मी हातात गरम वाटी घेऊन उभी होते आणि त्या खडसावण्यावर जळत होते.

परत आल्यावर शनिवारी सकाळी मी नागपूरला फोन लावला. तिलाच. आता विहारातली खीर तीच करते. मला तिला टोचायचं होतं, दुसरं काही नाही.

"जय भीम, ताई. काय करून राहिली?"

"काही नाही गं. चीनला गेले होते. तिथे विहारात खीर होती. पहिली वाटी मला दिली त्यांनी."

ती म्हणाली, "पहिली वाटी मला लई मिळाली ताई. काकू द्यायच्या, सगळे बघायचे, बिचारी म्हणायचे. मी ती घेऊन घरी जायची. मग अंधार पडला की तुमच्या अंगणात गंज खरवडल्याचा आवाज यायचा. तू आणि काकू. दोघी हसून राहायच्या. भिंतीच्या अलीकडून मला ऐकू यायचं. त्या खरवडीला मला कधी बोलावलं नाही कोणी. चांगली लागायची का गं?"

आई, मी हे विसरूनच गेले होते. गंज आडवा करून तू उलथन्याने खरवडायचीस आणि तुझ्या बोटांनी माझ्या तोंडात घालायचीस. तू स्वतः त्यातलं कधी खाल्लंस की नाही, तेही मला आठवत नाही. तिला हे सगळं सांगता आलं असतं. पन्नाशीला आलेली बाई, आणि तिने एवढंच विचारलं होतं.

मी म्हटलं, "छे गं, करपलेली असायची. टाकूनच द्यायचो आम्ही."

"हो का," ती म्हणाली, आणि तिला बरं वाटलेलं मला तिच्या आवाजात ऐकू आलं. तेवढ्यासाठी ते खोटं चाललं असतं. पण तिला बरं वाटावं म्हणून मी ते बोलले नव्हते.