माझ्या फोटोंतली माणसे कापू नयेत, याबाबत

लिहून ठेवणार : करिष्मा नथ्थू भानारकर, वय २७, धंदा फोटोग्राफी, राहणार मौजा चिचटोला, तालुका आरमोरी, जिल्हा गडचिरोली.

हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि बरीच वैतागून लिहीत आहे. मला आजार नाही, कोणी धाक घातलेला नाही. पुढल्या महिन्यात मी उत्तरेकडच्या समुद्रात एका मासेमारी जहाजावर तिथल्या कामगारांचे फोटो काढायला जाणार आहे. पाठवणारी संस्था जाण्याआधी प्रत्येकाकडून मृत्युपत्र मागते, एवढेच कारण. तरी घरात हा शब्द निघाल्यापासून शेजारच्या केसरबाई येऊन रडून गेल्या आणि जाताना जहाजात जेवायला काय देतात तेही विचारून गेल्या.

१. स्थावर मालमत्ता मला नाही. घर बाबांचे आहे. वकिलांनी स्थावर आधी लिहा म्हटले, म्हणून लिहिले.

२. बँकेतली शिल्लक आई वच्छला आणि बाबा नथ्थू यांना निम्मी-निम्मी. आकडा मुद्दाम लिहीत नाही, कारण हा कागद माझा भाऊ प्रणित सगळ्यांच्या आधी वाचणार.

३. स्कूटी देवानंदकाकांना. काका खरे तर साक्षीदार व्हायला आले होते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला न राहिलेले बरे, असे मी सांगताच ते म्हणाले, "मंग सही दुसऱ्याची घे, मले गाडी दे."

४. दोन्ही कॅमेरे चुलत बहीण आचलला. तिने लग्नांचे फोटो काढले तरी माझी हरकत नाही, मी मात्र काढले नाहीत, आणि गावाचा तोच राग आहे. घाना, व्हिएतनाम, बोलिव्हिया इथे जाऊन परक्यांचे फोटो काढते, घरच्या हळदीला येत नाही, असे म्हणतात. माझाही राग लिहून ठेवते. व्हिएतनामच्या मिठागरातली बाई मी समोर उभी असताना मीठ ओढत राहिली. आमच्या तलावात जाळे टाकायला मुखरूभाऊ इस्तरीचा शर्ट घालून उतरले आणि फोटो होईपर्यंत जाळे खांद्यावरून काढेनात. 'काम करत राहा' म्हटले की आमचे लोक काम सोडून रांगेत उभे राहतात. मी मेल्यावर यात फरक पडेल अशी आशा नाही.

५. काम करणाऱ्या माणसांचे मी काढलेले सगळे फोटो आचलने सांभाळावेत. अट एकच : कोणालाही त्याच्या कामातून कापून काढू नये.

ही अट का, ते लिहिणे भाग आहे. आजोबा उमाजी वारले तेव्हा हार घालायला फोटो हवा होता. माझ्याकडे चांगला होता. आजोबा छातीभर पाण्यात, जाळे फेकताना, तोंड उघडे. प्रणितने तो एका स्टुडिओत नेला. परत आला तेव्हा आजोबांचे डोके निळ्या कोटावर बसवलेले, गळ्यात टाय, मागे गुलाबाची बाग. खांदे कुठल्यातरी जाडजूड नवरदेवाचे. घरात सगळ्यांना तो फोटो आवडतो. मी बोलले तर 'शिकली म्हणून बोलते' म्हणतात. घरात पदवीपर्यंत मीच पहिली पोहोचले, त्यामुळे माझ्या प्रत्येक मताला हे एकच उत्तर तयार असते.

तरी आजोबांचा अखंड फोटो मी मोठा करून ठेवला आहे. तो कोटाच्या शेजारी लावावा. कोट काढू नये. काढला तर सोनीआत्या घरात पाय ठेवणार नाही.

६. इथपर्यंत लिहून आईला वाचून दाखवले. तिने विचारले, "अन् माहा फोटो?"

तो फोटो रोवणीचा, भाताची रोपे लावतानाचा आहे. चिखलात वाकलेली आई, लुगडे खोचलेले, हातात धानाचे परे. गेल्या वर्षी तो लिस्बनच्या एका कलादालनात देशोदेशीच्या कामकऱ्यांच्या फोटोंमध्ये लागला होता. मी तिला तो मोबाईलवर मोठ्या अभिमानाने दाखवलाही होता. आता तिने माझा पासपोर्ट आपल्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावले आहे. त्या फोटोचे काय ते कागदावर आल्याशिवाय चावी कमरेची सुटणार नाही, असे सांगितले.

मी समजावले. कष्टाची लाज कशाला, ज्या हातांनी जग जेवते ते जगाने पाहायला नको का, वगैरे. मला ते खरेच वाटते.

आई म्हणाली, "लाज कोण म्हंते? माहा चेहरा कुठी हाये त्याच्यात? नुसती पाठ. ते पाठ लोकायनं पाह्यली. मले कोणी पाह्यलं?"

वाकण्यातच सगळे आले, चेहऱ्याची गरज नाही, असे मी म्हटले.

"मंग तू मेली तं तुह्याबी पाठीले हार घालू काय?"

सबब, तो फोटो आणि त्यावरचा सगळा हक्क आईला देत आहे, माझ्या मरणानंतर नव्हे, आजपासून. तिने तो फाडला तरी चालेल. तिला विचारल्याशिवाय आचलने तो कुठेही लावू नये. जिवंतपणी द्यायची वस्तू मृत्युपत्रात येत नाही, असे वकिलांनी फोनवर सांगितले. मी म्हटले, तुम्ही येऊन माझ्या आईला सांगा.

७. त्या जागी आज सकाळी काढलेला फोटो लावावा. आई न्हाऊन, नवे लुगडे नेसून अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. मी सवयीने सूप पुढे केले. ती म्हणाली, "हातात काईच नोको देऊ." तिने हात मांडीवर ठेवले. फोटो झाला तरी उठली नाही. आतून भात करपल्याचा वास आला, तरी उठली नाही. शेवटी बाबा आत गेले. ऊन पायावर आल्यावर तिने चावी काढून माझ्याकडे दिली आणि पुन्हा तशीच बसली.

संग्रहातल्या प्रत्येक फोटोखाली माणसाचे नाव, गाव आणि काम लिहिलेले आहे. या फोटोखाली फक्त वच्छला नथ्थू भानारकर, चिचटोला, एवढे लिहावे. तिसरी जागा कोरी सोडावी. हा फोटो सर्वांत आधी लावावा.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वरचे माझ्या हातचे असून ते साक्षीदारांसमोर वाचून सही केली आहे.

ठिकाण : चिचटोला
दिनांक : ११ जानेवारी २०२५
सही : करिष्मा नथ्थू भानारकर

साक्षीदार :
१. मुखरू दाजी मेश्राम, चिचटोला
२. ज्योत्स्ना विनोद शेंडे, आरमोरी