आडवी दांडी नसलेल्या खांबांकडचं घर

कर्टिस, कंबर आता वाकू देते का? लव्हॉन, खोकला गेला का? ड्वेन, विजेचे खांब चढून चढून दुखावलेला तुझा गुडघा कसा आहे? शेजारच्या सेल्मरचं विचारत नाही. तो समोर बसून माझीच कॉफी पितो आहे. माझं म्हणाल तर हृदय थकलंय, डोकं शाबूत आहे. सबब मी, थोरा ऑस्टबी, कै. मेल्विन यांची पत्नी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. आधीचं रद्द समजावं.

एक. शेतजमीन मुलगा कर्टिस यास. मका मात्र खांबांना खेटून पेरू नये. हे सांगता सांगता तुझे वडील गेले.

दोन. बटाट्याच्या पोळ्यांचा विजेचा तवा मुलगी लव्हॉन हिला. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात, म्हणून सेल्मरला फक्त टोमणे.

तीन. राहतं घर लव्हॉन व जावई ड्वेन या दोघांस. ड्वेन, तू वीज कंपनीचा तारवाला, सोसायटीच्या विजेचं घर घेणार नाही म्हणतोस. ऐक. इतक्या लांबच्या शेतघरांपर्यंत तार ओढणं परवडत नाही, असं कंपनी म्हणाली, तेव्हा मेल्विन आणि मंडळींनी शेतकऱ्यांची सहकारी वीज सोसायटी काढली. पैसा कमी, अंतर फार. म्हणून आपले खांब सडपातळ, लांब लांब उभे. टोकावर एक तार, मानेखाली दुसरी. कंपनीचे खांब जवळ जवळ, आडव्या दांडीवर तीन तारा मिरवणारे. गाडीत मुलं ओरडायची, "आपली! त्यांची!"

तू पहिल्यांदा जेवायला येणार होतास, तेव्हा मेल्विनने फोनवर सांगितलं, "खांबांच्या मागोमाग ये." तू तुझ्या सवयीचे, कंपनीचे खांब धरलेस आणि सेल्मरच्या घरी पानावर जाऊन बसलास. निम्मं जेवण झाल्यावर हळूच विचारलंस, "लव्हॉन कुठे आहे?" सेल्मर म्हणाला, "ती पलीकडं, आडवी दांडी नसलेल्या खांबांकडं. पण आधी बटाटे संपव."

तेव्हापासून मेल्विनचं पालुपद: कंपनीच्या तारेनं गेलं की पोट भरतं, घर चुकतं.

चार. मेल्विनचे पायाला बांधून खांबावर चढायचे लोखंडी आकडे आणि कमरपट्टा ड्वेन यास. त्याने ते कुणाला शिवू दिले नाहीत. पण बर्फाच्या वादळात तू स्वतःची पाळी संपवून आमची तार जोडायला आलास, त्या दिवशी तो मला म्हणाला, "पोरगा आपल्या खांबावरही शोभतो गं." तुझ्या तोंडावर बोलला नाही, म्हणून इथे लिहिते.

पाच. सोसायटीत माझ्या जागी सभासद म्हणून ड्वेनचं नाव लागावं. कंपनीत जन्मभर राबलास, कुणी मत विचारलं नाही. इथे हात वर केलास की मोजतात.

तू नाही म्हणालास, तर कर्टिसने घर विकावं. घेणारा ते पाडून मका लावील, आणि दारापर्यंत आलेली तार उतरेल. म्हणून घेतोस की नाही ते मला वाचता येतंय तोवर कळव. लवकर लिही. स्वतःच आलास तर फारच बरं. या खेपेला खांब नीट बघून ये.

सही: थोरा ऑस्टबी

साक्षीदार: सेल्मर नेस (बटाट्यांचं खरं आहे)
साक्षीदार: इर्मा लुंड, टपाल कचेरी

हाल्गेन, मिनेसोटा
१२ ऑक्टोबर १९८८