पोळपाटावरचा तळवा

बाबा, तुम्ही चुकलात. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं आणि तुम्ही गेलात, म्हणून हे तोंडावर सांगायचं राहिलं. धाकटी बहीण किंचाळायला लागली की तुम्ही म्हणायचे, "नाटक आहे. कोणी पाहू नका तिच्याकडे." आई तिला पोळ्या लाटायला बसवायची, ती भिंतीवर डोकं आपटायची, मग तुम्ही तिला दंडाला धरून पुरानी बस्तीतल्या आपल्या घराच्या ओसरीवर नेऊन बसवायचे. तिथे ती गप. "पाहा, कोणी पाहत नाही तर झाली ना शांत!" आम्ही सगळे माना डोलवायचो.

आई गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. माझे यजमान गेले, तेव्हा मी तेलीबांधा भागातल्या विशेष मुलांच्या केंद्रात कामाला लागले. आता तिथे प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर ऑनलाइन शिकते आहे, मूल कधी किंचाळतं त्याच्या नोंदींचा आलेख कसा वाचायचा. काही महिन्यांपूर्वी एका मुलाचा आलेख पडद्यावर आला. एक रेघ लक्ष न दिल्यावरची, एक काम सांगितल्यावरची, एक नुसतं खेळू दिल्यावरची. मी झटकन बोलले, "लक्ष वेधायला ओरडतो." ते तुमचंच उत्तर होतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "दीदी, फिर से देखिए. कौन-सी लाइन ऊपर है?" वर होती ती कामाची, म्हणजे काम सांगितलं की तो जास्त ओरडायचा. लक्ष न दिल्याची तळाशी पडलेली. मला पोळपाट दिसला, ओसरी दिसली. तिला तुमचं लक्ष नको होतं, बाबा. तिला लाटणं नको होतं, आणि ते सांगायला तिच्याकडे शब्द नव्हता. ओरडलं की सुटका होते, हे तुम्हीच तिला शिकवलं.

त्याच संध्याकाळी भाऊ आला. "ताई, काहून जीवाले घोर लावून घेतं? बाबा सांगून गेले नं, तिले आश्रमात ठेवा म्हणून."

"बाबाले समजलीच नव्हती ते. इथंच राहीन ते. तू चहा घे."

आता नको झालं की ती पोळपाटावर उघडा तळवा ठेवते; ही खूण मी तिला शिकवली. मी थांबते. जरा वेळानं तीच पुन्हा लाटणं उचलते. किंचाळणं गेलं नाही, कमी झालंय. पोळी जशी होईल तशी आम्ही दोघी खातो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, घरातच राहील. एक मात्र कबूल करते. ती खूण मला केंद्रात कोणी शिकवली नाही. जेवताना आमचा गलका वाढला की तुम्ही ताटाशेजारी तळवा टेकवायचे, आणि सगळे थांबायचे. तीसुद्धा. तेवढी एकच खूण तिला आधीपासून कळत होती.