बायलेक पगार कितको?

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा हवाई दलात ह्यांच्या खांद्यावर दोनच पट्ट्या होत्या. पुढच्या कशा लागल्या, त्यांच्याबरोबर घरात काय काय आलं, यातलं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. आईला सांगावं म्हटलं तर ती आधी देवापुढे दिवा लावायची आणि मग म्हणायची, हां, आता सांग. तेवढ्यात माझा धीर जायचा. आता आईही नाही. आम्ही दोघं मोरजीला ह्यांच्या घरी राहतो. पेडण्यात विमानतळ झालाय, बाबा. तुम्ही खोटंच म्हणाला असतात, पण विमानं अगदी आमच्या माडांवरून जातात. शेजारची पोरं धावत अंगणात येतात. हे दारापुढच्या बल्कावात पेपर वाचत बसलेले असतात, मान म्हणून वर करत नाहीत. माझे हात मात्र थांबतात. आवाज पुरता विरल्याशिवाय मला पुढची पोळी लाटता येत नाही. इतकी वर्षं झाली, तरी.

तुम्ही मुळगावच्या खाणीवर आधी ट्रक चालवायचात. घरी यायचात ते खनिजाच्या धुळीनं नखशिखान्त लाल होऊन, आणि विहिरीवर अंघोळ करताना मोठमोठ्यानं गायचात, तेही बेसूर. मग मुकादम झालात. पगार वाढला, कपडे स्वच्छ राहू लागले आणि गाणं बंद पडलं. आई कौतुकानं म्हणायची, साहेब झाले! मला त्याचं कारण कळलं कारापूरला गेलो त्या दिवशी. पावसाचे दिवस होते. मातीच्या ढिगाच्या काठावर मागे घेताना तुमच्या हाताखालचा एक ट्रक खाली गेला. माणूस जिवंत हाती लागला नाही. अशा वेळी घरी सांगायला जायचं ते मुकादमानं. कुणी तसं लिहून दिलेलं नव्हतं, पण सगळे तुमच्याकडेच बघत होते. बाईमाणसाच्या दारात असलं काही घेऊन एकट्या पुरुषानं जाऊ नये, म्हणून तुम्ही आईला नेलं असतंत. पण आई कुणाच्या तरी बाळंतपणाला सावंतवाडीला गेलेली. म्हणून मग मला शाळेतून उचललंत. वाटेत पोदेराकडे थांबून पाव घेतलेत. मी विचारलं, हे कुणाला? तर भर रस्त्यात माझ्यावर खेकसलात, "रिकाम्या हातान कोणाच्या घराक जावचा नाय! इतक्यांय कळणा नाय तुका?" मला रडूच फुटलं. मला काय माहीत, आपण कुठे चाललोय ते.

त्या ड्रायव्हरची बायको पडवीत तांदूळ पाखडत होती. मुकादम घरी आले म्हणून तिला केवढा आनंद झाला. पाव हातात घेतले, "बसात, चाय घेवन वचात" म्हणाली आणि आत गेली. तुम्ही तिला थांबवलं नाहीत. चहा आला. तुम्ही फुंकर घालत घालत अख्खा कप प्यायलात, पावसाचं बोललात, तिच्या म्हशीची चौकशी केलीत. मी पाव बुडवून खात होते. कप खाली ठेवलात आणि मग सांगितलंत. त्यानंतरचं मी लिहीत नाही, तुम्हीही तिथे होतात. परतताना मला तुमचा असा राग आला होता की तुमचा हात मी धरला नाही. "चहा कशाला प्यायलात? आधी का नाही सांगितलं?" असं मी तुम्हाला तोंडावर विचारलं. तुम्ही छत्री माझ्या डोक्यावर ओढलीत. मग म्हणालात, "तितको वेळ तिचो घोव जितो होतो, बाय." त्या वयात मला ते काहीच समजलं नाही.

हे मला बघायला आले ते भाषेचं आंदोलन पेटलं होतं त्या दिवसांत. रस्त्यात झाडं आडवी पाडलेली. मोरजीहून डिचोलीला आपल्या घरी येईपर्यंत हे नि ह्यांचे मामा, दोघांनी मिळून स्कूटर किती ओंडक्यांवरून उचलली कोण जाणे, ह्यांच्या पांढऱ्या शर्टाला चीक लागला होता. तुम्ही दारातच विचारलंत, कोंकणीवाले की मराठीवाले? हे म्हणाले, सध्या दमलेले. तिथेच तुम्हाला माणूस आवडला, हे मी आतून तुमच्या हसण्यावरून ओळखलं. गूळ-खोबऱ्याचे फोव झाले, चहा झाला. मग तुम्ही पगार विचारलात. ह्यांनी सांगितला, आणि वर म्हणाले, उडण्याचे वेगळे मिळतात. मामांनी मिशीला पीळ दिला. तुम्ही मात्र बशी खाली ठेवलीत.

"वेगळे कित्याक?"

"जोखमीचे, काका."

"खाणीवर ज्या कामाचे पैसे वेगळे देतत, तां काम बरां नसता."

आईनं आतून बांगड्या वाजवल्या, म्हणजे आता पुरे. पण तुम्ही कुठले पुरे करणार! पट्ट्यांचं काय ते नीट सांगा म्हणालात. हे सांगत गेले. एक पट्टी असते तेव्हा आपलं विमान आणि आपला जीव, एवढंच सांभाळायचं. दोन झाल्या की शेजारून उडणाराही आपला. मग अडीच, म्हणजे दोन जाड आणि मध्ये एक बारीक. तेव्हा कुणी काय उडवायचं, कोण तयार आहे, कोण नाही, ते ठरवायचं. तीन लागल्या की अख्खी स्क्वाड्रन, विमानं, माणसं, त्यांची घरं, सगळंच. तुम्ही विचारलंत, पगार? वाढतो. आणि उडणां? ते कमी कमी होत जातं, काका. तुम्ही मान हलवलीत आणि एवढंच म्हणालात, "मुकादम."

मग ते विचारलंत. "तुमच्यात एखादो परत येऊक नाय, तर घरात सांगूक कोण जाता?" आई पदर सावरत बाहेरच आली. "शुभ कामात असलां काय इचारतास तुमी!" पण ह्यांनी टाळलं नाही. तीन पट्ट्यांवाला जातो, स्क्वाड्रनचा प्रमुख, सीओ, असं म्हणाले, आणि त्यांच्या मिसेस जातात बरोबर. तुम्ही ह्यांच्याकडे नाही पाहिलंत, दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलंत. "मगे बायलेक पगार कितको?" सगळे हसले. मामांना तर ठसका लागला. हेही हसले, मीही तोंडावर हात धरला. तुम्ही हसला नव्हतात. कारापूरचा तो कप तुम्हाला दिसत होता, हे आज कळतंय, आज कळून काय उपयोग. संध्याकाळी विहिरीवर मला गाठून विचारलंत, "तुका व्हयो?" मी हो म्हटलं. लग्नात घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, खंय गेलस तरी रिकाम्या हातान जाव नको. दागिन्यांच्या मोठ्या ताटात तो डबा बघून ह्यांच्या आत्यानं नाक मुरडलं होतं. मला अजून तिचा राग येतो.

तर तिसरी पट्टी लागली. पगार वाढला, मोठं घर मिळालं, दारात गाडी, आणि मी सीओची बायको झाले. मला वाटलं, सुटलो! हे आता रोज उडणार नाहीत. किती मूर्ख असतो माणूस. एकाची काळजी करायचे ती आता वीसजणांची करू लागले. ह्यांचंही तेच. आधी उडून आले की ताटावर बसून बडबडायचे, आता जेवताना कान फोनकडे. अगदी तुमचं झालं होतं तसंच.

त्या वर्षी चतुर्थीला मी खोबरं भरून भरपूर नेवऱ्या तळल्या. स्क्वाड्रनमध्ये सांगलीचा एक पोरगा होता, एका पट्टीचा, नुकतंच लग्न झालेला. बायको अगदी कोवळी, नवी नवी. सकाळी ह्यांची गाडी त्याच बाजूला जात होती, म्हटलं देऊन यावं. तुमचा डबा भरला आणि निघाले. वर विमानं होती, आवाज येत होता, पण माझ्या ध्यानातच आलं नाही. तिनं खिडकीतून सीओची गाडी पाहिली, गाडीतून मला उतरताना पाहिलं. मी जिना चढून वर पोचेपर्यंत दार उघडं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, हे कुठे आहेत म्हणून. मी म्हटलं, "अगं, नेवऱ्या..." आणि ती किंचाळली, बाबा. भिंतीला धरून खाली बसली आणि नको, नको, ताई तुम्ही जा, एवढंच म्हणत राहिली. मी ओरडून ओरडून सांगितलं, काही झालेलं नाही गं बये, सण आहे म्हणून आलेय! कितीतरी वेळानं तिला ते पटलं. मग हसली, रडली, माझ्या गळ्यात पडली, आणि दोघींनी तिथेच जमिनीवर बसून नेवऱ्या खाल्ल्या.

दुपारी हे घरी आले ते भडकूनच. "फ्लाइंग चालू असताना तू कुणाच्याही दारात जायचं नाहीस! हे काय तुला सांगायला हवं?" मीही कमी नाही, तुमचीच मुलगी. म्हटलं, मी काय भूत आहे? तर शांतपणे म्हणाले, "त्यांच्यासाठी, हो." मी दोन दिवस अबोला धरला. मग ठरवलं की भूत तर भूत, पण ह्या भुताची मी सवयच लावते सगळ्यांना. मुद्दाम वर विमानं असतानाच जाऊ लागले. कधी सोलकढी, कधी गोड दोदोल, कधी नुसती खोबऱ्याची चटणी. पहिले काही दिवस दारं घाबरत उघडायची. मग सरावली. ती सांगलीची पोर तर इतकी सरावली की दार उघडायची तीच मुळी डब्याकडे बघत, "आज काय आणलंत, ताई?" झाकण घट्ट, ते चमच्याच्या दांड्यानं उचकटायची युक्ती तिनं शोधली होती. मला आपला अभिमान वाटायचा, केवढं मोठं काम केलं मी!  हे फक्त एकदा म्हणाले, हे बरं नाही करत आहेस तू. मी कशाला ऐकते.

मग तो फोन आला. स्वच्छ ऊन होतं, मी डाळ फोडणीला टाकत होते. हे म्हणाले, "साडी बदल. मी गाडी घेऊन येतोय." मी विचारलं, कोण? हे म्हणाले, "सांगलीचा." मी गॅस बंद केला. साडी कशी नेसले आठवत नाही. फळीवर तुमचा डबा होता, तो घेतला आणि खाली आले. गाडीत ह्यांनी माझ्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.  वसाहतीतल्या रस्त्यावरून जाताना दोन्ही बाजूंच्या घरांत पडदे हलत होते. गाडीत आम्ही दोघं आहोत हे ज्यांना दिसत होतं, त्यांना कळत होतं. त्या दिवशी तिनं खिडकीतून पाहिलं नव्हतं.

जिन्याच्या वळणावर ह्यांचे पाय थांबले. एवढी विमानं उडवलेला माणूस, कठडा धरून उभा. मी एकटीच पुढे गेले. बेल वाजवली. तिनं दार उघडलं, हसली. "ताई! आज काय आणलंत?" माझ्या हातातून डबा घेतला, बसा, चहा टाकते म्हणाली, आज हे जेवायला येणार आहेत, तुम्हीही थांबा, असं काहीतरी बोलत आत गेली. मी बसले, बाबा. तुम्ही बसला होतात तशीच. आत पातेल्याचा आवाज झाला, नळ वाहिला. मग चमच्याचा दांडा झाकणाला लागला, झाकण निघाल्याचा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. नळ वाहतच राहिला. ती बाहेर आली तेव्हा उघडा डबा तिच्या हातात होता आणि त्यात काहीही नव्हतं. तिनं मला काही विचारलं नाही. दारात हे टोपी हातात घेऊन उभे होते.

ह्यांना वाटतं, डबा घाईत भरायचा राहिला. तेव्हापासून आजतागायत ह्यांचं एकच, कुणाचंही झालं असतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. नंतर ह्यांना चौथी पट्टी मिळत होती, ती नको म्हणून नोकरी सोडून मोरजीला आलो. गेल्या महिन्यात पेन्शन वाढली. हे सहज म्हणाले, तुझ्या बाबांनी विचारलेलं आठवतं, बायलेक पगार कितको? आणि हसले. मला हसू आलं नाही. तेव्हापासून हे लिहितेय. लिहून झालं की कागद तुमच्या डब्यात ठेवीन, दुसरं कुठे पाठवणार? तुम्ही त्या बाईला चहाभर वेळ दिलात, पण शेवटी स्वतःच्या तोंडानं सांगितलंत. मला तेवढंही जमणार नव्हतं, हे मला स्वयंपाकघरातच कळलं होतं. फळीवर शेजारी शेवेचा डबा होता, लाडवांचा होता, दोन्ही भरलेले. मी तुमचाच उचलला, आणि उचलला तेव्हाच तो हलका लागला होता, बाबा.