बर्नरवरचा घास

प्रिय गार्गी,

दोन वर्षांनी बाबाला कागद बरा सापडला, असं म्हणशील. म्हण. फोन केला तर तू उचलशील की नाही याची धास्ती वाटते, आणि उचललास तर माझी जीभ पुन्हा घसरेल याची त्याहून जास्त.

आपली मुलुंडची बिल्डिंग नव्याने उभी राहिली. चौदावा मजला, हवा झकास. कांजूरमार्गच्या भाड्याच्या घरात कचऱ्याच्या वासापायी तीन वर्षं खिडक्या बंद ठेवून काढली, म्हणून इथे येताच सगळ्या उघडल्या. बिल्डरने स्वयंपाकघरात देव्हाऱ्यासाठी कोनाडा दिलाय. रिकामाच आहे. मी त्यात चष्मा आणि गोळ्या ठेवतो.

गॅस मात्र जुनाच आणलाय. परवा बर्नर साफ करताना तू आठवलीस. आठवीत तुझ्या डोक्यात ते रोमन लोक शिरले होते. त्यांच्या घरोघरी घराची, कोठीची राखण करणारे छोटे देव असत. जेवताना त्यांच्या वाट्याचं चुलीत टाकायचं, आणि 'देव प्रसन्न आहेत' असं कुणी म्हणेपर्यंत कुणी बोलायचं नाही. झालं, महिनाभर आपल्याकडे वरणभात गॅसवर. करपल्याचा वास, बर्नरची वाट लागलेली. मी करवादायचो. तुझी आई मात्र टाचणीने एकेक भोक मोकळं करायची आणि पुढच्या जेवणाला पुन्हा तुझ्याकडे बघत गप्प बसायची. तू ते वाक्य मुद्दाम लांबवायचीस.

आई गेल्यावर तू एकच गोष्ट मागितलीस, देव्हाऱ्यातले चांदीचे टाक. अंगठ्याएवढे पाच देव, रोज घासून आईच्या बोटांनी झिजलेले. खंडोबाच्या टाकावर तर तुझ्या पहिल्या दाताची खूण होती. देव मुलीकडे जात नाहीत, असं मी ताडकन म्हणालो, आणि तू बोरिवलीहून यायच्या आत माझ्या पुतण्याला, विशालला, देऊनही टाकले. तू दारातच थांबलीस. "रोमन मुलीही लग्न झालं की घरचे देव सोडून जायच्या, बाबा. पण त्यांना निरोप तरी घेऊ द्यायचे." मी म्हणालो, तुझे रोमन गेले खड्ड्यात. चुकलो गं. रीतभात कसली, तुझी आई गेल्याचा राग कुणावर तरी काढायचा होता, आणि समोर तू होतीस.

मागच्या रविवारी विशालकडे गेलो. लाज गिळून टाक परत मागितले. त्याने कौतुकाने देव्हारा दाखवला. सगळे लखलखीत, नवेकोरे. चेहरे ओळखू येईनात म्हणून त्याने सोनाराकडून जुने आटवून नवे करून घेतले होते. चूक त्याची नाही, तशी रीतच आहे. ते कुणाच्या हातांनी झिजलेत हे मी त्याला सांगायला हवं होतं. तरी खंडोबाला उलटसुलट करून पाहिलं. दाताची खूण कुठून असणार.

म्हणजे तुला परत द्यायला माझ्याकडे काहीच उरलं नाही. हे तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून पत्र. परवापासून मी भाताचा घास गॅसवर टाकतोय. हसू नकोस. मग ताटापुढे गप्प बसून राहतो, आमटी गार होते. ते वाक्य स्वतः म्हणून पाहिलं, पण ज्याने देव घालवले त्यानेच ते म्हणावं, हे काही बरोबर वाटेना. तू ये, नाहीतर फोन कर. रागात असलीस तरी चालेल. तेवढं एक वाक्य म्हण, म्हणजे मी जेवेन.

तुझाच,
बाबा